सात नंबरच्या खिडक्या

पडदा चार बोटं आखूड पडला.

ताई स्टुलावरून खाली उतरल्या, दोन पावलं मागे सरल्या आणि पुन्हा बघितलं. पडद्याखालून भिंत दिसत होती. चाळीस वर्षं लोकांचे पडदे शिवून पोट भरलेली बाई, आणि सख्ख्या बहिणीच्या घरात ही फजिती!

"असू दे गं," धाकटी म्हणाली. "खाली झालर लावू."

"झालर तुझ्या डोक्याला लावीन. माझं माप चुकत नाही."

धाकटी पडद्याच्या चुण्या सारख्या करू लागली. आज तिला वाद नको होता. चार वाजता नोंदणी कचेरीत सही केली, की परक्या देशातलं, समुद्राजवळचं हे सात नंबरचं घर तिचं होणार होतं. तिची लेक इथून दहा मिनिटांवर राहायची. नवरा गेल्यावर मायदेशातला फ्लॅट धाकटीला खायला उठायचा, तो तिने विकून टाकला होता. आता हे घर नाही, तर डोक्यावर छप्परच नाही.

"कापड आटलं असेल, मावशी," जावई दारातून म्हणाले.

त्यांच्यामागे घरांचा दलाल उभा होता आणि सारखा घड्याळ बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, ह्या दोघींना त्याची भाषा येत नव्हती. म्हणून सगळा कारभार जावईबापूंच्या हातात. घर त्यांनीच शोधलं, कागदही त्यांनीच वाचले. जावयाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे धाकटीच्या हाडीमाशी भिनलेलं.

ताईंना मात्र असली भीड नव्हती.

"कापड कापायच्या आधी मी ते दिवसभर भिजत घालते. आटायचं ते तेव्हाच आटतं."

"मग टेप चुकली असेल."

"टेप वापरते कोण?"

ताईंनी पिशवीतून दोरी काढली. चार महिन्यांपूर्वी दोघी घर बघायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी दांडीपासून जमिनीपर्यंत दोरी सोडून तिन्ही खिडक्यांच्या तीन गाठी मारल्या होत्या. सासऱ्यांनी शिकवलेली रीत. आता त्यांनी तीच दोरी लावून बघितली. पहिली गाठ चार बोटं वर राहिली, दुसरी दोन बोटं, आणि तिसऱ्या खिडकीशी दोरी जमिनीवर लोळली.

"मालकाने खिडक्या बदलल्यात," जावई लगेच म्हणाले. "दांड्याही नव्या बसवल्या. सांगायचं राहून गेलं बघा."

ताईंनी चौकटीवर नख घासलं. पांढऱ्या रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळा. दांडीचे खिळेसुद्धा तिन्ही रंगांखाली गाडलेले. नव्या खिडकीला रंगाचे तीन थर?

तेवढ्यात पिशवीतून दोऱ्याचं रीळ निसटलं. ते जमिनीवरून घरंगळत निघालं आणि थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकलं.

"आम्ही जरा पाय मोकळे करून येतो," ताई म्हणाल्या आणि बहिणीचा दंड धरून तिला बाहेर घेऊन गेल्या.

गल्लीतली बाराही घरं एका साच्यातून काढलेली. तोच जिना, तेच दार.

"आठवून सांग, मागच्या वेळी दार कुणी उघडलं?"

"जावईबापूंनी."

"चावी कुठून आली?"

"दलालाने दिली म्हणाले."

"दलाल होता तिथे?"

"नव्हता. तापाने आडवा होता म्हणे. अगं, तू पोलीस आहेस का?"

"फोटो काढला होतास ना? दाखव."

फोटोत धाकटी दारात उभी होती, दात दाखवत. मागे दारावर सातची पाटी. पायाखालच्या पायरीचा कोपरा तुटलेला.

ताई मागे वळल्या. सात नंबरची पायरी अखंड होती. दोघी एकेक पायरी बघत पुढे निघाल्या. नऊ नंबरच्या पायरीचा कोपरा तुटलेला होता.

"ताई, सही दोन तासांवर आलीय. मला घाबरवू नकोस."

"मलाच भीती वाटतेय," ताई म्हणाल्या आणि दार ठोठावलं.

काठी टेकत एक म्हातारी आली. तिच्यात आणि ह्या दोघींत एक शब्द सामाईक नव्हता. ताईंनी दोरी उंच धरली, खिडकीकडे बोट दाखवलं, हात जोडले. म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, पण तिने आत घेतलं.

पहिली गाठ जमिनीला टेकली. दुसरी टेकली. तिसरीही.

"हेच ते घर गं," म्हणत धाकटी भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसली.

ताईंनी म्हातारीला फोटो दाखवला. आपल्या दारावर सातची पाटी बघून ती भडकलीच. काठी आपटून बडबडली, मग कंबरेवरचा टाक्यांचा लांब व्रण दाखवला आणि हातांची उशी करून डोळे मिटले. दवाखान्यात होते, असं तिला म्हणायचं होतं. ताईंनी चावी फिरवल्याचा हात केला: तेव्हा ती कुणाकडे?

म्हातारीने त्यांना खिडकीपाशी नेलं. गल्लीत दोघं उभे होते. दलाल घड्याळ बघत होता, जावई सिगारेट ओढत होते. म्हातारीने काचेवर बोट टेकवून त्यांतला एक दाखवला.

ताईंनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

"कोण गं?" खालूनच धाकटीने विचारलं.

"कचेरीत सांगते. तुझी लेक समोर असू दे."

चार वाजता लेक कामावरून परस्पर कचेरीत आली. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवले.

"आई, इथे सही," जावई म्हणाले.

ताईंनी कागदावर हात ठेवला. "थांब. आपल्याला दाखवलेलं घर हे नव्हे."

अधिकाऱ्याने चमकून काहीतरी विचारलं. जावयांनी हसून दोन शब्दांत उत्तर दिलं.

लेक नवऱ्याकडे बघतच राहिली. "मावशीला चक्कर आली, असं का सांगितलंत?"

जावयांनी पेन धाकटीपुढे केलं.

"मावशी, तू बोल," लेक म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"आम्हाला नऊ नंबर दाखवलं, विकतायत सात. नऊची म्हातारी दवाखान्यात होती, तेव्हा तिच्या दारावर सातची पाटी लावली. आता ती परत आलीय, म्हणून खरं सात उघडावं लागलं, रंग फासून. त्याची जमीन खचतेय. रीळ आपोआप भिंतीशी गेलं."

"दलालाने मलाही फसवलं!" जावई ओरडले.

"दलालाने? खिडक्या बदलल्या, हे तुम्ही त्याला न विचारताच सांगितलंत. मी काय बोलतेय हे त्या बिचाऱ्याला कळतही नव्हतं. आणि चावी कुणाकडे होती, ते म्हातारीने मला बोटाने दाखवलं. तुमच्याकडे, जावईबापू."

लेकीने तेही सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. दलाल अर्धवट उठला. अधिकाऱ्याने घर विकणाऱ्या कंपनीचा कागद शोधून लेकीपुढे धरला.

"कंपनीचा मालक म्हणून सही ह्यांची आहे," ती म्हणाली. "सात नंबर ह्यांनीच घेतलं होतं. म्हणूनच गल्लीतल्या म्हातारीने विश्वासाने चावी ह्यांच्याकडे ठेवली असणार. मला पत्ताही नाही."

"जमीन खचतेय हे कळल्यावर कुणी घेईना," जावई म्हणाले. "आई घरच्याच आहेत. मी दुरुस्त करून देणारच होतो."

"घरची म्हणून मलाच बुडवायला निघालात?" धाकटीला रडू फुटलं. "मला नुसतं मागितलं असतंत, तर दिलं असतं हो मी."

अधिकाऱ्याने कोरा कागद घेतला आणि काहीतरी विचारलं. लेक उत्तर देईना.

"काय म्हणतोय?"

"तक्रार कोण देणार, म्हणतोय."

"मी देते," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "फसवलंय मला."

"नाही आई. तू बस."

लेकीने खुर्ची पुढे ओढली आणि आपलं नाव सांगितलं. परकं नाव अधिकाऱ्याला लिहिता येईना, म्हणून एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. मग त्याने आडनाव विचारलं. तिने माहेरचं सांगितलं.