रोजनाम्यातली घोंगडी

नोव्हेंबरातली ती अवकाळी सर. विश्रामबागच्या स्टॉपवर प्रियदर्शनी टाइप केलेले कागद छातीशी धरून उभी होती. समोरच ऑफिस, पण रस्ता ओलांडायचा कसा?

"ही घ्या, मॅडम." कुणीतरी खांद्यावरची काळी घोंगडी तिच्या कागदांवर टाकली. "माणूस वाळतंय. कागद वाळत न्हाई."

"अहो, आणि तुम्ही?"

"आमी जतचं. पाऊस दिसतोय, हेच लय झालं!" हसत हसत तो पावसात पळालासुद्धा.

घोंगडीला लोकरीचा, धुराचा वास होता... ती जिना चढेपर्यंत तिच्याही केसांना लागला. आत येऊन पाहते तर तो तिथंच — निथळत, खुर्चीवर. बिरदेव. आजच्या प्रकरणातला दावेदार.

त्याचा माळ भाड्यानं घेऊन एका कंपनीनं सौर पॅनेल उभे केले होते. मेंढरांना तळ्यापर्यंत पाणंद सोडायचं करारात होतं, तरी कंपनीनं तारेचं कुंपण घातलं. भांडण झालं तर आधी लवादाकडं जायचं, हेही करारातच. लवाद म्हणजे प्रियदर्शनीचे साहेब, निवृत्त न्यायाधीश नाथाजीराव. त्यांची शिस्त मोठी. दोन्ही बाजूंना एकाच किटलीतला चहा, आणि कुणाकडून खडीसाखरेचा खडासुद्धा घ्यायचा नाही.

तिनं घोंगडी टेबलावर ठेवली. "साहेब, ही यांची. ओळख नसताना खाली कागद झाकायला दिली होती. परत करतेय. रोजनाम्यात नोंद घ्यावी."

दिवसाच्या कामकाजाच्या त्या वहीत नोंद झाली. दोन्ही वकिलांनी सह्या केल्या. बिरदेवचे कान तांबडेलाल.

"लय कडक हाय तुमी," चहा घेताना तो पुटपुटला. "आन चहात साखर कमी हाय."

"दोन्ही बाजूंना सारखीच आहे."

"माजंच तोंड जास्त कडू झालं आसंल तर?"

तिनं चटकन पाठ फिरवली... हसू दिसू नये म्हणून.

सात तारखा झाल्या. सातही वेळा तोच चहा, तेवढीच साखर. तिनं कधी त्याच्याकडं नीट पाहिलं नाही. न पाहताच तिला कळायचं — आज दाढी केलीय, आज उपाशीच निघालाय, आज टाच फुटलीय.

मे महिन्यात निवाडा झाला. पाणंद मोकळी करायची! सहीची प्रत घेऊन तो दारात घुटमळला.

"आता तरी एक चहा? भाईर, टपरीवर?"

"कंपनीला कोर्टात जायला तीन महिने आहेत. आपल्याला कुणी एकत्र बघितलं, तर निवाडा पक्षपाती म्हणतील. तुमची पाणंद जाईल."

"आन मी कुटं जाऊ?"

"मेंढरं तहानलीत, बिरदेव," ती हळूच म्हणाली. त्याचं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं.

मग नुसती वाट. पेपर आला की ती आधी जतची बातमी शोधायची. टँकर आला का... किती गावांना... स्टॉपवर जत गाडी लागली की पाय आपोआप थबकायचे. फोन त्यानं केला नाही. तिनंही नाही.

मुदत संपायला एक दिवस उरला आणि कंपनी जिल्हा न्यायालयात गेली. निवाडा रद्द करा. लवादाच्या ऑफिसातल्या बाईंनी दावेदाराकडून घोंगडी घेतली! स्टॉपवर कुणीतरी पाहिलं होतं. आपल्यापायी त्याचं पाणी तुटणार, प्रियदर्शनीला वाटलं.

जानेवारीत सुनावणी झाली. ती मागच्या बाकावर बसली होती.

"पुरावा मी पुन्हा तोलणार नाही," न्यायाधीश म्हणाले. "पण लवाद निष्पक्ष होता का, ते बघावं लागेल." पानं उलटली. पहिल्या दिवसाचा रोजनामा निघाला. "वकीलसाहेब, घोंगडी परत केल्याची नोंद दिसतेय. खाली ही सही तुमचीच ना?"

कंपनीचे वकीलसाहेब चष्मा पुसू लागले. अर्ज फेटाळला गेला.

व्हरांड्यात बिरदेव तिच्यासमोर उभा राहिला. "चारचौघांत परत केलीत, तवा लय राग आलता मला."

"माहीत होतं."

"मग का क्येली?"

"तेव्हाच कळलं होतं मला..."

"काय?"

"की तुमच्याकडं न बघणं पुढं अवघड जाणार आहे म्हणून."

तो एकदम म्हणाला, "चला, चहाला!"

"अपिलाची मुदत साठ दिवस—"

त्यानं कपाळावर हात मारला, आणि दोघंही हसली. मग हसता हसता तिचेच डोळे भरून आले.

साठ दिवस गेले. अपील आलं नाही. एकसष्टाव्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं जतला उतरली. बिरदेव फाट्यावरच होता. मागं माळावर तारा निघालेल्या, आणि मेंढरं धूळ उडवत तळ्याकडं चाललेली.

त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली अन् तिच्या खांद्यावर टाकली.

"अहो, मार्चचं ऊन आहे हे!"

"आसू द्या." त्यानं घोंगडीचं टोक सारखं केलं. "परत करायची आसंल तर करा... हितं रोजनामा न्हाई."

ऊन चांगलंच भाजत होतं. तिनं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.