लेन्सच्या पाठीवरचं कुंकू

छत्री एकच होती, आणि ती राखीने माणसाऐवजी कॅमेऱ्यावर धरली. इथूनच सगळं सुरू झालं.

भाद्रपद सरत आला होता. बुलडाण्याच्या बसस्टँडवर लख्ख ऊन पडलेलं असतानाच एकाएकी सर आली आणि माणसं शेडखाली पळाली. एक उंच मुलगा मात्र मधोमध उभा राहून गळ्यातला कॅमेरा शर्टाच्या आत कोंबत होता. शर्ट आधीच ओलाचिंब. राखीला राहवलं नाही. ती पुढे झाली आणि तिने छत्री उघडून बरोबर त्याच्या पोटासमोर धरली.

"बाहेर काढा तो. ओल्या शर्टात वाफ धरीन त्याले."

"आन मी?" त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही वाळता. तो नाही वाळत. चालू करू नका... बॅटरी काढा आधी."

त्याने मुकाट्याने बॅटरी काढली. बाजाराच्या गल्लीत अर्जुनरावांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं दाखवा, एवढं सांगून ती निघाली. तो मात्र सर थांबल्यावरही बराच वेळ तिथंच उभा होता. धाडची बस समोरून निघून गेली, ती त्याला दिसली नाही.

दुपारी तो स्टुडिओत आला. बाहेरच्या खोलीत अर्जुनराव एका आजोबांना पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी वर करायला सांगत होते. "काका, रिपेअरवाले भाऊ कुठं हायेत?" त्याने विचारलं. अर्जुनरावांनी अंगठ्याने मागचा पडदा दाखवला. पडद्यामागे डोळ्याला भिंग लावून, हातात केसाएवढा स्क्रू धरून बसलेली होती ती बसस्टँडवरची छत्रीवाली. अर्जुनरावांची एकुलती एक लेक, राखी. अकोल्याला एका जुन्या कारागिराकडे काम शिकून आलेली. आता चिखली-मेहकरपासून कॅमेरे तिच्याकडे यायचे.

"तुम्ही?" तो म्हणाला.

"मीच ते भाऊ."

त्याचं नाव गोकुळ. गाव धाड. घरी आई, बहीण आणि थोडी शेती. लग्नाच्या सीझनमध्ये फोटो काढायचा, बाकीच्या दिवसांत आईबरोबर शेतात राबायचा. तिचं नाव ऐकून त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"काय झालं?"

"काही नाही... असं नाव आयकल्यावर हात पुढं करायले भेव वाटत असंन पोट्ट्यांले."

ती हसली. फार नाही, पण भिंग डोळ्यावरून काढून हसली.

तिने कॅमेरा ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. दोन-तीन दिवसांत तो ठणठणीत झाला. एरवी गोष्ट इथंच संपायची. पण त्या ठणठणीत कॅमेऱ्याला पुढे भलतीसलती दुखणी होऊ लागली.

"हे चाक फिरवलं का कुर्र आवाज येते," पुढच्या आठवड्यात गोकुळ म्हणाला.

राखीने चाक फिरवलं, कानाशी नेलं, पुन्हा फिरवलं. "येत नाही."

"आता नाही येऊन राह्यला. धाडले येते."

"मंग धाडलेच राहू द्या त्याले."

तरी तिने कॅमेरा उघडला. मऊ ब्रशने धूळ झाडली, फुंकणीने हवा मारली, काच पुसली. अर्ध्या तासाचं काम तिने तासभर पुरवलं. तो समोरच्या स्टुलावर बसून बघत होता, आणि आपले हात इतके नीट कुणी कधी पाहिले नव्हते हे तिला जाणवत होतं.

मग एकदा बॅटरी लवकर उतरू लागली.

"रातभर चालू ठेवला असंन," राखी म्हणाली.

"फोटो पाहत होतो."

"कोनाचे?"

"बसस्टँडचे," तो म्हणाला आणि घाईने पाणी प्यायला.

पडद्यापलीकडून अर्जुनराव खोकले. त्यांना खोकला नव्हता.

राखीला हे सगळं कळत होतं, आणि आवडत होतं. कॅमेऱ्यात खोट नाही हे ती पहिल्या मिनिटाला ओळखायची, तरी "बघते हं..." म्हणून भिंग लावायची. कधी त्याचा आठवडा चुकला तर दुसऱ्यांचे कॅमेरे तिला उगाच जड वाटायचे. पण हे ती कुणाला सांगणार?

दसरा गेला, दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांच्या लग्नांची गर्दी उडाली. अशाच एका घाईच्या दिवशी गोकुळ आला. आज तो हसत नव्हता.

"मधेच बंद पडते. स्क्रीनवर काहीतरी एरर येते आन मंग आपोआप निघून जाते."

राखीने त्याची लेन्स काढून फडक्यावर बाजूला ठेवली. कॅमेऱ्याला स्टुडिओची तपासणीची लेन्स लावली. खटाखट फोटो काढले. भिंतीचा, पंख्याचा, त्याच्या गंभीर चेहऱ्याचा. सगळे स्वच्छ.

"फस्क्लास हाय."

"पन..."

"गोकुळ, कॅमेऱ्यात काही बिघडलं नाही." तिने ओठ दाबून हसू आवरलं. "बिघडलं ते दुसरीकडंच कुठं तरी."

त्याचे कान लाल झाले. "ह्या वेळेस खरंच..."

"दरवेळेसच खरं असते."

मग आपली लेन्स उचलून त्याने कॅमेऱ्यावर बसवली. "रविवारी छायाचं लग्न हाय. बहिनीचं. बाहेरचा फोटोवाला नको म्हने ती. भावानंच काढले पाह्यजे म्हने. तुम्ही म्हनता तं... ठीकच असंन." दारापाशी जाऊन तो वळला. "तुम्ही पन या ना."

ती संध्याकाळ राखीने गुणगुणत काढली. बोलावणं आलं होतं, तेही बहिणीच्या लग्नाचं. साडी कोणती नेसायची इथपर्यंत तिचं ठरलं.

रविवारी सकाळी ती केस विंचरत असताना फोन आला.

"राखी... बंद पडला. हळदीच्या वक्ती दोनदा पडला होता, आता ती एरर जाऊनच नाही राह्यली." मागे सनई वाजत होती. "लग्न दुपारी लागते. काही करता येईन काय?"

त्याने तिला दोष दिला नाही. 'तुम्हीच म्हणाल्या होत्या ठीक आहे,' एवढं एक वाक्य तो म्हणू शकला असता, आणि ते त्याने म्हटलं नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सीझनच्या रविवारी दुसरा कॅमेरा मिळणं मुश्कील. स्टुडिओचा कॅमेरा आणि तपासणीची लेन्स दोन्ही सकाळीच मेहकरच्या एका लग्नाला गेलेली. राखीने हत्यारांची पिशवी उचलली. अर्जुनराव नुसते म्हणाले, "जाय लवकर. जीप भेटीन." साडी खुंटीवरच राहिली. कामाच्या सलवार-कमीजवरच ती धाडच्या जीपमध्ये कोंबून बसली.

दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं पळत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. स्टुडिओत चालला, तर तिथं का बंद पडला? उन्हामुळे? बॅटरीमुळे? देऊळघाट मागे पडलं तेव्हा तिला एकदम आठवलं. स्टुडिओत चालला तो स्टुडिओच्या लेन्सवर. त्याची लेन्स आपण फडक्यावर ठेवली, आणि फडक्यावरूनच परत दिली. उलटी करून पाहिली नाही. कारण आपण आधीच ठरवून टाकलं होतं की तो बहाणा करतोय. लग्न काही पुन्हा लागत नाही. छायाचे फोटो गेले तर ते आपल्या हसण्यापायी जातील.

मांडवात गोकुळ नवा सदरा घालून तिचीच वाट पाहत उभा होता. ती त्याच्याशी काही न बोलता खुर्चीवर बसली आणि लेन्स काढून उलटी केली.

लेन्सच्या मागच्या कडेला सोनेरी ठिपक्यांची एक बारीक ओळ असते. कॅमेरा आणि लेन्स त्या ठिपक्यांमधून एकमेकांशी बोलतात. त्या ओळीवर लाल थर बसला होता. तेलकट, पसरलेला, उन्हाने आणखी ओघळलेला.

"हे कुंकू कोनं लावलं?"

गोकुळची आई, रुखमाबाई, हातातलं अक्षतांचं ताट सावरत पुढे आली. "मी लावलं, पोरी. दसऱ्याले. विळा, पाभर पुजली, मंग गोकुळच्या हत्याराले नको काय पुजाले?"

"आई, तुले सांगतलं होतं ना, काचेले हात नको लावू म्हनून," गोकुळ म्हणाला.

"मंग लावला काय म्या काचेले?" रुखमाबाईंचा आवाज दुखावलेला होता. "तू धूळ पुसाले खोलून ठेवला होता. समोर त्याचा डोया. डोयाले कुंकू कसं लावाव? मागं सोन्याचे मनी दिसले, म्हटलं हे गयातलं असंन त्याचं. एकेकाले लावलं. तेलात कालवून, पडू नाही म्हनून."

राखीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने मऊ कापडावर स्पिरिटचे दोन थेंब घेतले आणि एकेक ठिपका पुसायला लागली. हळूच, घासायचं नाही. मग कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेले ठिपके. कापड लाल होत गेलं, सोनं उघडं पडत गेलं. गोकुळ तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून सावली धरून उभा होता. त्याच्या हातात त्या वेळी छत्री होती, मांडवात कुणाची तरी सापडलेली.

लेन्स बसवताना टक् असा आवाज झाला. तिने बटण दाबलं. कॅमेरा चालू झाला आणि तिने पहिला फोटो छत्रीचा काढला.

मग लग्न लागलं. गोकुळ मांडवभर धावत होता. मंगलाष्टकं, अक्षता, हार... राखी एका खांबाशी उभी राहून प्रत्येक खटक्याला मनात 'चालू राहा रे बाबा' म्हणत होती. शेवटी कानपिळीची वेळ आली. नवरदेवाचा कान पिळून त्याला जरब द्यायची, तो मान नवरीच्या भावाचा. आणि छायाला भाऊ एकच.

"दादा, ये ना," छाया म्हणाली.

गोकुळने इकडेतिकडे पाहिलं, आणि कॅमेऱ्याचा पट्टा सरळ राखीच्या गळ्यात घातला.

"मी फोटो काढत नाही," ती गडबडली. "मी खोलते, पुसते आन देऊन टाकते."

"आज नका देऊ," तो म्हणाला.

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. गोकुळने नवरदेवाचा कान धरला तशी मांडवात हशा पिकला. छाया लाजून हसत होती. गोकुळही हसत होता, पण दुसऱ्या हाताने डोळे पुसताना तो तिला त्या छोट्याशा चौकटीतून स्पष्ट दिसला. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने बटण दाबलं. फोटो निघाला, तरी तिने कॅमेरा बराच वेळ डोळ्यावरून उतरवला नाही.

पंगत बसली तेव्हा ती त्याला मांडवामागे गाठून म्हणाली, "चूक माझी हाय. तुमची लेन्स मी पाह्यलीच नाही. वाटलं, बहाना करून राह्यले."

"बहाने तं मी केलेच होते." तो मातीकडे पाहत होता. "चाकाचा आवाज कधीच नव्हता."

"माहीत हाय."

"मंग तवाच बोलल्या काऊन नाही?"

राखीने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "बोलली असती तं... तुम्ही येनं बंद केलं असतं."

तो काही बोलायच्या आत रुखमाबाई आल्या. हातात हळदी-कुंकवाचा करंडा. "पोरी, तुये उपकार कसे फेडू? माया पोरीचं लग्न तुयामुयं फोटोत राह्यलं." असं म्हणून त्यांनी सवयीने बोट कुंकवात बुडवलं आणि कॅमेऱ्याकडे नेलं.

राखीने त्यांचा हात हलकेच धरला. "त्याले नको, मावशी."

"मंग? बोट तं भरलं," रुखमाबाई म्हणाल्या. क्षणभर त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग राखीकडे. आणि ते बोट तिच्या कपाळावर टेकवलं.

"उपकार तुमच्या ह्या कुंकवाचेच हायेत, मावशी," राखी म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली, आणि गोकुळने ते ऐकलं.

पुढच्या आठवड्यात तो स्टुडिओत आला, तेव्हा त्याचा गळा रिकामा होता.

"आज काय बिघडलं बे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"मंग काऊन आला?"

"काहीच नाही बिघडलं, म्हनून आलो."

पडद्यामागे राखीच्या हातातला स्क्रू टेबलाखाली पडला. ती तो शोधायला वाकली नाही.

गोकुळने आत येऊन तिच्यासमोर फोटो ठेवला. कानपिळीचा. नवरदेवाचा कान त्याच्या हातात, आणि त्याची नजर सरळ पाहणाऱ्याकडे.

"ह्याच्यात मी कोनाकडं पाहून राह्यलो, असं आई विचारत होती."

"कॅमेऱ्याकडं म्हना."

"खोटं मले जमत नाही. तुम्ही लगेच ओळखता."

"मंग खरं सांगा."

"सांगतलं. आईले." त्याने एक श्वास घेतला. "गुरुवारी येऊन राह्यली ती, तुमच्या बाबाले भेटाले. करंडा घेऊन... येऊ देऊ?"

पलीकडे अर्जुनराव खोकले नाहीत. त्यांनी चहावाल्याला हाक मारून तीन चहा सांगितले.

राखीने तो फोटो टेबलावर आपल्यासमोर टेकवून ठेवला. "येऊ द्या," ती म्हणाली. मग टेबलावरच्या सगळ्या लेन्सची मागची झाकणं तिने एकेक करून घट्ट लावली.