दुसऱ्या रांगेतली तिसरी

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

तमिळ सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कमला ज्या इमारतीत मी बारा वर्षं राहिले, तिथेच वरच्या मजल्यावर हे घडलं. आडी महिना, म्हणजे आपला आषाढ. मंगळवार. दुपारचे तीन.

तिलकवतीअक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहायच्या. त्यांची आई कनकवल्ली जुन्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमांत नाचायची. नायिकेच्या मागे, घोळक्यात.

अक्कांना त्याची लाज वाटायची. आई म्हणायची, "एकदा तरी बघ गं मला."

अक्कांनी कधीच बघितलं नाही.

आई गेली. वर्षभराने अक्कांनी शेजारच्या अरुळानंदम अण्णांचं दार वाजवलं. अण्णा एकेकाळी स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचे. जुन्या सिनेमांचं वेड.

"अण्णा, आईचा एखादा सिनेमा आहे?"

"एखादा? चार आहेत! हे विचारायला तुला म्हातारं व्हावं लागलं. चल, आधी कॉफी टाक."

अण्णा सीडी घेऊन आले. अक्का बघतच राहिल्या. रंग नव्हते, तरी तळ्यावरचं चांदणं कळत होतं. कुठेही कात्री न लावता बावीस मुली एका दमात नाचत होत्या.

"इतकं सुंदर असायचं हे?"

"आत्ता कळलं का, बाईसाहेब!"

मग ती दिसली. दुसऱ्या रांगेत तिसरी. एकोणीस वर्षांची. नायिकेची पाठ वळली की तेवढ्यापुरती हसणारी.

अक्का ढसाढसा रडल्या. "पुन्हा लावा ना."

अण्णांनी पुन्हा लावलं.

दुसऱ्या रांगेत तिसरी जागा... रिकामी होती.

त्या जागेशेजारी नाचणाऱ्या मुलीने हात पुढे केला. बोटं मिटली. आत कुणाचाच हात नव्हता.

"सीडी खराब असेल," अण्णा म्हणाले.

आणि आतल्या खोलीत... घुंगरू वाजलं. एकदाच.

दुसऱ्या सिनेमातही तेच. एकदा दिसली, मग नाही. घुंगरू आता दाराशी वाजत होतं.

तिसऱ्या सिनेमाच्या वेळी अण्णांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

घुंगरू थांबलं नाही.

अण्णांनी मदुराईच्या मित्राला फोन करून त्याच्याकडच्या कॉपी बघायला लावल्या. तिथेही... जागा रिकामी.

"बास!" अण्णा म्हणाले. "तू बघशील तसतशी ती जातेय. चौथा बघायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

अकरा महिने अक्कांनी शपथ पाळली. मग एके दिवशी म्हणाल्या, "अण्णा, ती जिवंत असताना नाही म्हटलं. आता पुन्हा नाहीच म्हणू?"

अण्णांनी चौथी सीडी त्यांच्या हातात ठेवली.

आडीतल्या त्या मंगळवारी दुपारी अक्का एकट्याच बसल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

या सिनेमात आई पहिल्या रांगेत होती. गाणं ऐन रंगात आलं आणि ती... थांबली.

बाकीच्या मुली तिच्याभोवती नाचत राहिल्या. ती पुढे आली. अगदी जवळ. अंधाऱ्या थिएटरात कुणाला शोधावं तशी डावीकडे बघू लागली. मग उजवीकडे.

अक्का समोरच बसल्या होत्या.

तिला त्या दिसल्याच नाहीत.

"आई! अगं मी इथे आहे!" ही हाक मी खालच्या मजल्यावर माझ्या कानांनी ऐकली.

ती वळली. चालत पडद्याच्या कडेबाहेर गेली.

त्यानंतर घुंगरू नाही. काहीच नाही.

आता अक्का रोज तीन वाजता तोच सिनेमा लावतात. टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ बसतात. स्वतःच्या तोंडावर दिवा धरतात.

मागच्या पोंगलला मी भेटायला गेले. अण्णाही सोबत होते. आम्ही दोघं दारात उभे.

अक्कांनी मागे वळून विचारलं, "मी नीट दिसतेय ना गं?"

"हो, अक्का," मी म्हणाले.

जिना उतरताना अण्णा थांबले. कठड्याला धरून हळूच म्हणाले, "घर उघडं टाकून ही तिलका... गेली कुठे?"

मी वर बघितलं. उघड्या दारातून टीव्हीसमोर बसलेल्या अक्का मला अजून दिसत होत्या.