बोलावणे येईपर्यंत

न्याय करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती येतो, त्यांच्या शिरी एक ऋणही येते. ज्याला दाराबाहेर बसवले, त्याला निर्णय सांगण्याचे ऋण. निर्णय कठोर असला तरी माणूस तो सोसतो, रडतो आणि घरी जातो. पण ज्याला काहीच सांगितले नाही, त्याने जायचे कुठे?

त्याने तिथेच बसून राहायचे…

किती काळ, ते मात्र कोणी ठरवलेले नसते.

पुढे सांगतो आहे ते घडलेले आहे. ज्यांच्यावर हे ओढवले ते पाळक सुकदेव गावीत आज हयात नाहीत. पण निवृत्तीनंतर जळगावच्या घरी त्यांनी स्वतःच्या तोंडाने हे एकाहून अधिक वेळा सांगितले, आणि सांगण्यात कधी फरक पडला नाही. साल एकोणीसशे एकोणनव्वद. मे महिन्यातला रविवार. ठिकाण धुळे जिल्ह्यातले, पिंपळनेरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याची एक वस्ती. नाव घेत नाही. तिथे अजून लोक राहतात आणि रविवारी अजून घंटा वाजते.

तिथले चर्च जुने, दगडी, कौलारू. पूर्वेला मोठे दार. पश्चिमेला एक लहान दार, त्याबाहेर लांब पडवी, आणि पडवीत भिंतीला टेकवलेले एक लाकडी बाकडे.

त्या बाकड्याला एक काम होते.

मंडळीतल्या कोणाकडून काही गैर घडले, तर पंच त्याला शिस्तीखाली ठेवत. मग त्याला प्रभुभोजन नाही. भाकरीचे ताट आणि प्याला त्याला ओलांडून पुढे जाई. शिस्त उठवायची ती पंचांच्या सभेनेच. सभा चालू असताना त्या माणसाने पडवीतल्या बाकड्यावर बसायचे, आणि त्याचा विषय निघाला की पाळकाने दारात येऊन त्याला नावाने हाक मारायची. हाक येईपर्यंत उठायचे नाही. रीत अशी होती, आणि ती कोणी घालून दिली हे विचारण्याची रीत नव्हती.

त्या रविवारी बाकड्यावर शेवंताबाई बसली होती.

सत्तरीची विधवा. नातू तापाने फणफणला तेव्हा तिने भगताकडून मंतरलेला दोरा आणून त्याच्या दंडाला बांधला होता. एवढाच तिचा अपराध. तिने तो लपवला नाही. सुकदेवरावांनी विचारले तेव्हा ती खाली पाहत म्हणाली होती,

"चुकनू, साहेब. पन पोऱ्या वाचना ना."

गेले वर्षभर ती शिस्तीखाली होती. तिचे मागणे एकच. मरण्याआधी एकदा प्रभुभोजन मिळावे. प्रत्येक सभेला ती धुतलेले पांढरे लुगडे नेसून येई, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसे, आणि प्रत्येक वेळी तिचा विषय पुढे ढकलला जाई.

"आज नक्की घेतो, अक्का," सुकदेवराव त्या दुपारी आत जाताना म्हणाले. "बसा. बोलावतो."

"बठस मी," ती म्हणाली. "माले काय घाई शे?"

खरे सांगायचे तर सुकदेवराव त्या काळात फार थकले होते. आजाऱ्याच्या उशाशी बसावे, मेलेल्याला माती द्यावी, रडणाऱ्याचे ऐकावे, यासाठी त्यांनी हे काम पत्करले. हाती आल्या त्या सभा. पंचांचे दोन तट पडले होते आणि पाळक दोघांनाही परका होता. "मेंढरे राखायला आलो आणि भांडणे राखीत बसलो," असे ते पत्नीला, प्रमिलाबाईंना म्हणत.

त्या दिवशी वाद होता धुळ्याच्या वार्षिक परिषदेचा. प्रतिनिधी म्हणून जायचे कोणी?

चिटणीस लीलाधरभाऊ, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "अनुभवी माणूस जावा. मी जाईन."

"अनुभव शेच तुम्हले," रुपचंद म्हणाला. तो दुसऱ्या तटाचा. "मागला साल गयात. तठे जेवनना टाइमले तोंड उघडं, तेवढंच."

कोणीतरी हसले. लीलाधरभाऊंचा चेहरा उतरला. मग शब्दाने शब्द वाढला. जुनी लग्ने निघाली, जुने बांध निघाले. शेवटी रुपचंद आपली माणसे घेऊन पूर्वेच्या दाराने निघून गेला.

"कोरम मोडला," लीलाधरभाऊ म्हणाले. "सभा तहकूब."

शेवटची प्रार्थना झाली नाही. आशीर्वाद झाला नाही. सुकदेवरावांचे डोके ठणकत होते. तेही पूर्वेच्याच दाराने बाहेर पडले, घरी आले आणि ओला रुमाल कपाळावर ठेवून निजले.

पश्चिमेच्या दाराकडे कोणीच गेले नाही.

दुपार कलली की ऊन त्या पडवीत शिरते. मे महिन्यातले खानदेशी ऊन…

संध्याकाळच्या उपासनेची घंटा द्यायला वना चौकीदार आला, तेव्हा त्याला ती दिसली. भिंतीला पाठ टेकलेली. पदर डोक्यावर नीट. काठी गुडघ्यांवर आडवी.

डोळे दाराकडे.

जीव केव्हाच गेला होता.

तिला माती दिली, पण घंटा वाजली नाही. शिस्तीखालच्या माणसासाठी ती वाजत नसे. सुकदेवरावांनी दोरीकडे एकदा पाहिले. लीलाधरभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "ठराव नाही, साहेब. पुढच्या सभेत बघू."

"बघू," सुकदेवराव म्हणाले.

पुढची सभा पावसाळा सरता सरता भरली. पश्चिमेचे दार लावलेले होते. लीलाधरभाऊंनी मागचे वृत्त वाचायला घेतले…

आणि बाहेर कोणीतरी खोकले.

कोरडा, म्हातारा खोकला. मग बाकडे करकरले. काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला.

"वना, बघ रे कोण आहे," सुकदेवराव म्हणाले.

वना दार उघडून बाहेर गेला. लगेच परतला.

"कोनी नही शे, साहेब." तो आपला तळहात धोतराला पुसत होता. "पन बाकडं एकच जागावर हातले ऊन लागस."

त्या दिवशी आभाळ भरलेले होते. सूर्य सकाळपासून दिसला नव्हता.

विषय पुढे सरकले. रुपचंद स्मशानाच्या कुंपणाविषयी काही सांगत होता. सांगता सांगता वाक्याच्या मध्येच थांबला.

दाराच्या फटीतून आवाज आला होता…

"साहेब… मी मझार येऊ का?"

आत येऊ का, हे विचारणे सर्वांनी ऐकले. ऐकले हे प्रत्येकाच्या मानेवरून कळत होते. पण वर कोणी पाहिले नाही. लीलाधरभाऊंनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

सुकदेवरावांनीही तो घेतला.

ते पुढे सांगत, त्या क्षणी भीती वाटली नव्हती. वाटला तो शीण. एवढा शीण की उठून दारापर्यंत चार पावले टाकणे जमेना.

त्यानंतरची सभा चर्चमध्ये घ्यायला कोणी तयार झाले नाही. कारण कोणी सांगितले नाही. कौले गळतात, असे ठरले. सभा पाळकांच्या घरी भरली. दिवस उजेडाचा, आत माणसे, अंगणात कोंबड्या. सगळे जरा मोकळे झाले होते. रुपचंद लीलाधरभाऊंना म्हणालादेखील, "आठे चहा तरी भेटस, भाऊ. परिषदना सारखा."

प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. कप वाटले. मग नवऱ्याजवळ वाकून म्हणाल्या,

"अहो, ओट्यावर ती बाई किती वेळची बसली आहे. तुमचे चालू द्या, पण तिला आत तरी घ्या."

"कोण बाई?"

"पाठमोरी होती. डोक्यावर पदर. मी म्हटले, चहा घ्या. काही बोलली नाही. मग कप जवळ ठेवून आले."

खोलीत कोणाच्याही हातातला कप तोंडापर्यंत गेला नाही.

सुकदेवराव उठून ओट्यावर गेले. कप तिथे होता. भरलेला. वर साय धरली होती.

ओट्यावर कोणी नव्हते. पण ओट्याच्या कडेला धुळीत काठीच्या टोकाचा एक गोल ठसा होता.

ते आत आले. उभ्यानेच म्हणाले, "आजची सभा इथे नाही. चर्चमध्ये चला. पहिला विषय शेवंताबाईंचा."

"साहेब," लीलाधरभाऊ म्हणाले, "मृत माणसाचा विषय सभेपुढे घेता येत नाही. आपल्या घटनेत तशी तरतूद नाही."

"तिला उन्हात विसरायची तरतूद होती का, भाऊ?"

लीलाधरभाऊंनी हातातला कप खाली ठेवला.

"आणि उद्या वरून विचारणा झाली तर?" ते म्हणाले. "तुमची बदली होईल."

"होऊ द्या."

"बलावा तिले, साहेब," रुपचंद म्हणाला. "मी हात वर करस. बठ्ठा करतीन."

सगळे चर्चमध्ये गेले. सूर्य मावळतीला टेकला होता. सुकदेवरावांनी प्रार्थना केली. विषय मांडला. म्हणाले, "आपली बहीण शेवंताबाई हिने अपराध कबूल केला आहे. तिला पुन्हा संगतीत घ्यावे, असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. सगळे. लीलाधरभाऊंचा सर्वांत शेवटी, पण झाला. त्या पंचांचे एकमत गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते.

सुकदेवराव पश्चिमेच्या दाराशी गेले. कडी काढली. दार पूर्ण उघडले.

पडवी रिकामी होती. बाकड्यावर तांबूस उजेड पडला होता.

"शेवंताबाई," त्यांनी हाक मारली. "आत या, अक्का."

काही झाले नाही.

झाडावरची पाखरेसुद्धा गप्प…

मग बाकडे करकरले. एखादे म्हातारे माणूस हाताचा आधार घेऊन उठते, तसे. काठी टेकली. थांबली. पुन्हा टेकली. आवाज अगदी जवळ आला आणि सुकदेवरावांच्या अंगावरून उन्हाची एक झळ गेली. भर मे महिन्यातली, करपवणारी. तिला धुतलेल्या कापडाचा वास होता.

काठी आत गेली. शेवटच्या बाकापाशी थांबली. बाक किंचित दबला.

सुकदेवरावांनी प्रभुभोजनाचे साहित्य घरून निघतानाच सोबत घेतले होते. त्यांनी भाकर मोडली. ताट आणि प्याला घेऊन ते शेवटच्या बाकापर्यंत गेले, आणि रिकाम्या जागेपुढे उभे राहून ते शब्द म्हटले, जे ती वर्षभर ऐकायला बसली होती. प्याला क्षणभर पुढे धरला.

तो हलका झाला की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. त्यांनी डोळे मिटले होते.

वनाने कोणी न सांगता घंटा दिली. माती दिली तेव्हाची राहिलेली घंटा. तिचा शेवटचा नाद विरला तेव्हा त्या जागेवरचा भार उतरल्याचे सर्वांना जाणवले. रुपचंद लहान मुलासारखा रडत होता, आणि लीलाधरभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

सुकदेवरावांना वाटले, संपले. कित्येक वर्षांत प्रथमच पाळकाचे काम हातून झाले. ते दार लावायला वळले.

आणि बाहेर बाकडे करकरले.

कोणीतरी बसले होते…

मग खोकला आला. पण हा खोकला बाईचा नव्हता. जाड, तंबाखूने भरलेला पुरुषाचा खोकला. पाठोपाठ बांगड्या वाजल्या, तरण्या हातातल्या. मग जमिनीवर पाय ओढल्याचा आवाज. कोणी कोणाला जागा करून देत सरकावे, तसे बाकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरकुरत गेले.

"साहेब," वना दोरी धरूनच पुटपुटला, "आखो शेतस."

तिथे अजून कोणी होते. चर्च शंभरीकडे झुकलेले. त्यात किती सभा झाल्या. किती वेळा कोरम मोडला. किती जणांना त्या पडवीत बसवून "बोलावतो" म्हटले असेल…

सुकदेवरावांनी लीलाधरभाऊंकडे पाहिले. लीलाधरभाऊंनी मान हलवली. बाहेरच्यांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. आणि नावाशिवाय हाक कशी मारायची?

बाहेर सगळे गप्प झाले. ते गप्प होणे वाट पाहण्याचे होते. पाळक दारात उभा आहे, हे त्यांना दिसत होते.

सुकदेवराव दार लावू शकले नाहीत. ते तसेच उघडे ठेवून सर्वजण पूर्वेकडून निघाले.

नंतर त्यांनी वस्तीतल्या वृद्धांना विचारून थोडी नावे मिळवली. एकेका संध्याकाळी दारात उभे राहून ते त्या नावांनी हाक मारत. काही वेळा काठी वाजे, काही वेळा नुसती झळ येई. काही वेळा काहीच नाही. दीड वर्षाने त्यांची रावेरला बदली झाली. निघाले त्या दिवशीही बाकडे रिकामे वाटत नव्हते.

उतारवयात, जळगावला, ते बोलता बोलता थांबत आणि बाहेरच्या दाराकडे कान देत. प्रमिलाबाई म्हणत, "कोणी नाही हो." ते मान डोलवत. पण दाराला कडी घालू देत नसत.

सुकदेवरावांचा तो शीण आता उतरला असो. शेवंताबाईला विसावा मिळो, आणि ज्या पंचांनी उशिरा का होईना हात वर केले, त्यांनाही. आणि जे कोणी अजून त्या पडवीत पदर सावरून, काठी आडवी ठेवून बसले असतील, त्यांची नावे ज्याला ठाऊक आहेत, तो त्यांना हाक मारो.