चांदणीचा घास

चांदणी उठत नव्हती.

तीन वर्षांची घोडी, पायांत नाल नाही. विश्रांतवाडीच्या तबेल्यात पुढचे पाय ताणून आडवी पडली होती. तिचे मालक हिंदुराव यांचं तेरावं परवाच झालं होतं.

डॉक्टर पूर्णिमांनी तिच्या खुरांना हात लावला. "पुढचे दोन्ही खूर तापलेत. आतलं हाड खाली सरकलंय. आता त्रास वाढवू नका, शांतपणे जाऊ द्या तिला. इंजेक्शन आहे माझ्याकडे."

"नाल नव्हती ना, दगड लागला असेल," हिंदुरावांचा मुलगा रविराज म्हणाला.

"जखम दाखवा मग. अहो, हे कोवळ्या हिरव्या गवतानं होतं. त्यातली साखर हिला सोसत नाही."

"म्हणजे दत्तोबा! वाळलं गवत भिजवून घालायचं, तेवढंही जमलं नाही त्याला. मला घोड्यातलं काही कळत नाही, म्हणून फावलं."

घोडीची देखभाल करणारा मोतद्दार दत्तोबा दारातच थिजला. "म्या हितं हुतोच कुठं? दहाव्यालाच तुमी मला गावाकडं धाडलं. काल आलोय."

"मग परत जा. कायमचा."

रविराजची बहीण तनुजा तबेल्यात फिरून पाहू लागली. चांदणीला चरायला सोडताना तोंडाला बांधायचं मुसकं खुंटीवर होतं. त्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं. बाहेरच्या मोकळ्या जागेतलं गवत वाळून पिवळं पडलेलं. पण उकिरड्यावर जुन्या साडीच्या चिंध्या होत्या, गाठी तशाच. देवळाबाहेर गाईसाठी विकतात त्या हिरव्या पेंढ्या अशाच बांधलेल्या असतात.

ती घरात आईकडे गेली.

"आई, चांदणीला पेंढ्या कोणी घातल्या?"

"सगळ्यांनीच," मथुराबाई म्हणाल्या. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. रवी म्हणाला, बाबांचा जीव चांदणीत अडकलाय. तिला घास द्या. भेटायला येणारा प्रत्येकजण पेंढी आणायचा. मी तर रोज माझ्या हातानं भरवायचे. का गं?"

"काही नाही."

तबेल्यात परतून तनुजानं डॉक्टरांना विचारलं, "गवत भिजवायचं, हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"गेल्या हिवाळ्यात ही लंगडली तेव्हा हिंदुरावांना. रविराज शेजारीच होते. साखर पाण्यात उतरते आणि हिरवं तर अजिबात नको, हेही सांगितलं होतं."

"आणि दादाला घोड्यातलं काही कळत नाही." ती भावाकडे वळली. "हिरवं म्हणजे विष, हे तुला माहीत होतं. अडवणारा एक दत्तोबा, त्याला तू गावी पाठवलंस. मग घास द्यायला अख्खं गाव लावलंस, म्हणजे तुझा हात कुठेच दिसायला नको. चांदणी आहे तोवर तबेल्याची जागा विकणार नाही, असं आई बिल्डरला तोंडावर म्हणाली होती. तिथे त्याला आयटीवाल्यांचा टॉवर बांधायचाय."

रविराज हसला. "हुशार आहेस. आता प्रॅक्टिकल हो. जा, सांग आईला, घोडी तिनंच मारली म्हणून. सांगशील?"

तनुजा दाराकडे वळली आणि थांबली.

"नको सांगूस," दारातून आवाज आला. मथुराबाईंच्या हातात ताजी पेंढी होती. चांदणीनं वास घेतला आणि पडल्या पडल्या मान लांबवली.

मथुराबाईंनी पेंढी दत्तोबाकडे दिली. खाली बसून घोडीचं डोकं मांडीवर घेतलं.

"डॉक्टर, द्या इंजेक्शन. मी धरते."

काम झाल्यावरही त्या उठल्या नाहीत.

"दत्तोबा इथेच राहील. सही होणार नाही, रवी. आणि माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तर तू तोंड उघडू नकोस."