पिवळी पट्टी

आरोंद्याला मी गेलो तो अकरा नोव्हेंबरचा मंगळवार होता. रविवारच्या पानासाठी सहाशे शब्दांचा मजकूर हवा होता. कणकवलीहून निघून साडेदहाला पोचलो. खाडीला लागून घर, पुढे ओट्यावर वाळत घातलेली आमसुलं, आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून कलती खुर्ची. खुर्चीत गुरुप्रसाद सर.

सर बावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवत होते. चार वर्षांपूर्वी आजाराने आधी हात गेले, मग पाय, मग आवाज. आता उजव्या गालाचा एक स्नायू तेवढा हलत होता. चष्म्याच्या दांडीला बोटाच्या पेराएवढा सेन्सर लावलेला होता. गाल हलला की संगणकाला क्लिक कळे. पडद्यावर अक्षरांच्या ओळी होत्या आणि त्यांच्यावरून एक पिवळी पट्टी दर दोन सेकंदांनी खाली सरकत होती. हव्या त्या ओळीवर गाल हलवायचा. मग पट्टी त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून जाते. पुन्हा गाल. एक अक्षर लागलं.

"बसा," त्यांची बहीण शेवंती म्हणाली. "एका वाक्याक चार मिनिटां लावतलो तो. शाळेत पोरांका एक मिनिट देय नाय होतो. देवान हिशोब बरोबर केलो."

सरांचे डोळे हसले. त्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य मी घड्याळ लावून टिपलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

'तुमच्या घरी कोण असतं.'

"कोणी नाही," मी म्हणालो. "पत्नीला जाऊन चार वर्षं झाली."

शेवंती काजूच्या कारखान्यात जायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्या दिवशी माझ्यासाठी तिने अर्धी सुट्टी घेतली होती. एक वाजता शेजारची फ्लाव्हिया येऊन नळीने जेवण देई आणि दार ओढून जाई. तातडी आली तर सर पडद्यावरचं घंटीचं चित्र निवडत, आणि घंटा फ्लाव्हियाच्या घरी वाजे. बाकी वेळ सर आणि खिडकी.

अकरा वाजता नेव्हिल आला. चाळिशीचा, सावंतवाडीचा. अशी साधनं बसवणाऱ्या एका संस्थेत तो तंत्रज्ञ होता.

"सर, तुमच्या मशीनात भूत शिरलाहा," तो हसत म्हणाला आणि मला लॅपटॉपवर नोंदी दाखवू लागला. प्रत्येक क्लिकची वेळ तिथे होती. पट्टी अक्षरावर आल्यावर किती वेळाने गाल हलला, तेही. सरांना एक ते दीड सेकंद लागे, एकदाही कमी नाही. पण मशीन आल्यापासून, म्हणजे गेले पाच आठवडे, रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनंतर दुसऱ्याच प्रकारचे क्लिक सुरू होत. त्यांना लागलेला वेळ शून्य होता. मी मोजले. एकट्या सोमवारच्या पानावर दोनशे अकरा.

"सेन्सर बिघडलो आसतलो," नेव्हिल म्हणाला.

"बिघडलेला सेन्सर वाक्यं लिहितो?"

त्याने जपून ठेवलेला मजकूर उघडला. सरांची वाक्यं शुद्ध, पूर्णविरामासकट. मधल्या ओळी मालवणीत, विरामाशिवाय.

'कोण आहे.'

'मी आसय'

'दिसत नाही.'

'दिसाक कित्याक व्हया'

'रोज येणार का.'

'माका सांगल्यानी तसा येतलंय'

पुढच्या पानांवर सर त्याला पाढे शिकवत होते. सतरा साते किती. एकशे नऊ. चूक. पुन्हा. पंधरा दिवस चुकलं, सोळाव्या दिवशी बरोबर आलं. खाली सरांनी लिहिलं होतं, 'शाबास.' या पाच अक्षरचिन्हांवर त्यांनी जवळजवळ एक मिनिट खर्च केलं होतं.

शेवंती डबा भरत होती. दुपारी कोण येतं, असं मी विचारलं.

"कोण येतला हयसर?" ती म्हणाली. मग झाकण लावता लावता थांबली. "मशीन इला त्या दिवशी गाऱ्हाणा घातलेलंय. नारळ ठेवलंय. पण माका बस गाठूची होती."

"म्हणजे?"

"गाऱ्हाण्यात नावां घेवची लागतत. गावदेवी, राखणदार, शिवेवरचे, सगळे, एकामागसून एक. माका वेळ गावलो नाय. म्हटलंय, जो कोण आयकता, तेना दुपारची माझ्या भावाक सोबत करूची."

"कुणाचंच नाव नाही घेतलं?"

"नाय." तिने पिशवी उचलली आणि भावाच्या केसांवरून हात फिरवून ती गेली.

नेव्हिलला उपाय माहीत होता. अर्ध्या सेकंदापेक्षा लवकर आलेला क्लिक संगणकाने मोजायचाच नाही. सेटिंगमधल्या एका खुणेचं काम.

सरांचा गाल हलू लागला. आम्ही दोघं उभे राहून वाचत होतो. सहा मिनिटं लागली.

'ते काढू नका. दिवस फार मोठा असतो.'

"सर, तुमका घंटा वाजवची आसात आणि मध्येच तेचो क्लिक पडलो तर?" नेव्हिल म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेरचा माणूस. तरी म्हणालो, "एक आठवडा असू दे."

जेवण देऊन फ्लाव्हिया गेली, तिच्यामागून नेव्हिलही. मी स्टूल सरांच्या उजवीकडे घेतलं. पडद्याकडे नाही, गालाकडे पाहायचं, हे ठरवून बसलो. ओहोटी लागली होती. चिखलाचा वास येत होता. खिडकीतून एकही माणूस दिसत नव्हता.

दोन वाजून दहा मिनिटं.

गाल स्थिर होता. पट्टी थांबल्याचा बारीक टिक ऐकू आला.

मी गालावरून नजर हलवली नाही. टिक. टिक. टिक. गाल स्थिर.

मग पडद्याकडे पाहिलं.

'हो कोण'

आता गाल हलला. 'पत्रकार.'

'हेच्या घरी कोण आसा'

सरांनी डोळे माझ्याकडे वळवले. बराच वेळ. त्यांना न लिहिता राहता आलं असतं. पण विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांना जमत नसावं. गाल हलला.

'कोणी नाही.'

पट्टी वरून खाली गेली. पुन्हा वरून खाली.

'बरा'

त्यानंतर काही आलं नाही. शेवंती परत येईपर्यंत पट्टी तशीच फिरत राहिली.

मजकूर मी वेळेत दिला. सहाशे दोन शब्द. दुपारबद्दल त्यात काही लिहिलं नाही.

आठवड्याने नेव्हिलचा फोन आला. "तो बिघाड आपसूक गेलो. तुम्ही इल्यात, तेच्या दुसऱ्या दिवसापासून. पण सर लिहिनत नाय. सात दिवसांत एकच ओळ."

"कुठली?"

"'त्याला परत पाठवा.' कोणाक, ता काय कळणा नाय. तुमका कायतरी म्हायत आसा?"

"नाही," मी म्हणालो.

माझा कीबोर्ड साधा आहे. पट्टी नाही, सेन्सर नाही. कणकवलीच्या माझ्या खोलीत दुपारी पंख्याचा आवाज असतो आणि खालून कधीतरी एसटीचा. आरोंद्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी मी चहा घेऊन टेबलाशी आलो, तेव्हा पडद्यावरच्या कोऱ्या पानावर दोन ओळी होत्या.

'सतरा साते एकशे एकोणीस

फुडचा सांग'

चहा निवेपर्यंत मी उभा होतो. मग खुर्ची ओढली.

आम्ही आता तेवीसच्या पाढ्यावर आहोत. नेव्हिलचे फोन येतात. दुपारी मी ते उचलत नाही.