सैल पाणी

किनारा बुडाल्याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून सहाशे माणसं तरवाडीत राहत होती. तरवाडी म्हणजे भर समुद्रात नांगरलेलं, पोलादी तराफ्यावरचं गाव. गावाच्या पोटात गोड्या पाण्याची एकच अजस्र टाकी होती. तिची देखभाल हेमांगी मयेकर ही इंजिनिअर करायची. वादळाची सूचना आली त्या सकाळी टाकी निम्मी होती.

"समुद्राची झडप उघडून टाकी भरावी लागेल," ती गावप्रमुख तांडेलकाकांना म्हणाली.

"पिण्याच्या पाण्यात खारं पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना? राहू दे की निम्मी."

हेमांगी खाली बसली. हे सांगून सांगून ती थकली होती. "काका, परातीत अर्धं पाणी घेऊन चाललायत कधी? परात जरा कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. ते सैल पाणी. काठोकाठ भरलेल्या बंद टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते."

"आजवर तर नाही उलटलो."

"तेव्हा टाकीत आडभिंती होत्या. पाणी कप्प्याकप्प्यांत अडायचं. त्या गंजून पडल्या. नव्या मागवल्याला तीन वर्षं झाली."

"उलटूच, असं लिहून देशील?"

"नाही."

"आधी भांडी भरून घेऊ दे लोकांना," शेवटी काका म्हणाले.

तासभर घागरी, बादल्या, पातेली भरली गेली. मग हेमांगीनं झडपेचं चाक फिरवलं.

दुपारी वादळ आलं. तरवाडी एका अंगावर कलली, कितीतरी वेळ तशीच राहिली, आणि सावकाश सरळ झाली. कुणाला खरचटलंही नाही.

गोडं पाणी आणणारं जहाज वादळानंतर आठव्या दिवशी यायचं, ते अकराव्या दिवशी आलं. सातव्या दिवसापासून माणशी रोज एकच पेला पाणी मिळत होतं. नवव्या दिवशी तांडेलकाकांची म्हातारी आई गेली.

सभेत कुणी आवाज चढवला नाही. काकांनी एवढंच विचारलं, "टाकी निम्मी असती तरी उभे राहिलो असतो का?"

"मला नाही वाटत."

"पण ठाऊक नाही."

"नाही, काका."

ठराव मांडला गेला: यापुढे वादळाच्या भीतीनं गोडं पाणी कुणीही नासवायचं नाही. भराभर हात वर झाले.

हेमांगीनंही हात वर केला. तिलाही अकरा दिवसांची तहान होती.